शनिवारचं लिंबू

शनिवार होता. इथे मस्कतला साइटवर जेवायची सुट्टी झालेली, डबा उघडला आणि फोन टुंग टुंग वाजायला लागला... बघतो तर कोणीतरी मला पोरींच्या ग्रुपमध्ये ॲड केलेलं.

आधी हसलोच. मी एसीचे डक्ट बसवणारा माणूस, माझं तिथे काय काम? एक लिहिते, "आज मैत्रिणीची हळद, माझं लिंबू पक्कं" आणि पुढे लिंबाचं चित्र. मग दुसरीचं लिंबू, तिसरीचं लिंबू... मला वाटलं शनिवार आहे, दृष्ट काढतायत.

मग ग्रुप चालवणाऱ्या ताईचा मला वेगळा मेसेज आला. आणि घास हातातच राहिला.

लिहिलेलं, सकाळी फोन केलास ते बरं केलंस. परवाच्या हळदीत प्यायलीस म्हणून स्वतःला शिव्या देत बसू नको. पण काळजी न घेता जे झालं, त्यात एचआयव्हीचा धोका असू शकतो. त्यावर गोळ्या असतात, पण त्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, जेवढ्या लवकर तेवढं चांगलं. उद्या रविवार, म्हणून आजच चारपर्यंत कल्याणच्या सरकारी दवाखान्यात ये. मी गेटवर थांबते.

हे कोणासाठी होतं ते मला लगेच कळलं. मानपाड्याहून निघताना माझं इंडियाचं सिम मी बहिणीला देऊन आलेलो. पण त्या नंबरचं व्हॉट्सॲप माझ्याच फोनवर चालू ठेवलेलं... गल्फला आलेली आमच्याकडची अर्धी पोरं असंच करतात.

तिने त्या सिमवरून ताईला फोन केला, ताईने तोच नंबर सेव्ह केला. डीपीला एकवीरा आई. शंका कशाला येईल?

(कोणती बहीण ते शोधत बसू नका. चुलत, मावस, आते धरून आमच्याकडे ढीगभर आहेत. चोवीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि हे तिला विचारूनच लिहितोय.)

खरं सांगतो, डोकं फिरलं. मी नववीत शाळा सोडली तेव्हापासून एका जागी दोन मिनिटं गप्प बसणारा माणूस नाही. पोरगा कोण, घरातले काय झोपलेले काय... बापूसला फोन लावायला घेतलेला.

आमच्याकडे हळद म्हणजे काय असते ते तुम्हाला माहीत आहे. पोरं डीजेसमोर उघड पितात, पोरी कोल्ड्रिंकच्या बाटलीत लपवून. सकाळी पोरं हँगओव्हरचे स्टेटस टाकतात... पोरगी कोणाला सांगणार?

आणि बापूसला कळलं असतं तर त्या दिवशी ती घराबाहेर पडली नसती. तिला तर चारच्या आत कल्याणला पोचायचं होतं. बोट तिथेच थांबलं.

वर टिक निळ्या झालेल्या. ताईला वाटणार पोरीने वाचलं. आणि पोरगी तिकडे फोनकडे बघत बसलेली, ताईनेपण टाळलं असं समजून...

मी ताईंना फोन लावला. "ताई, तुमचा मेसेज माझ्याकडे आलाय. मी तिचा भाऊ."

त्या म्हणाल्या, "चूक माझी. मी आधी खात्री करायला पाहिजे होती. तुम्ही तिला काही बोललात?"

"नाय."

"घरी?"

"अजून नाय."

"मग नकाच बोलू, भाऊ. चिडायचंय तर माझ्यावर चिडा, हवं तेवढं. पण ती इथे आली पाहिजे."

मी म्हटलं, सिम तिच्याकडे आहे, साधा फोन लावा. आणि मी वाचलंय ते सांगू नका. मग ग्रुपमधून बाहेर पडलो. डबा तसाच गार झाला.

दुपारभर कामात लक्ष नव्हतं. दोनदा उलटा पत्रा लावला, फोरमनने हिंदीत माझा उद्धार केला... मी फोनला हात लावला नाही.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"दादूस, जेवलास?"

"जेवलो."

मग तीच म्हणाली, "तू वाचलंस ना? ताई काय बोलल्या नाय. पण सकाळी मेसेज टाकते म्हणालेल्या, आणि व्हॉट्सॲप कोणाकडे आहे ते मला माहीत नाय का?"

"वाचलं."

"रिक्षात पूर्ण वेळ फोन हातात धरून बसलेले. म्हटलं आता दादूसच्या शिव्या येतील."

"मग?"

"नाय आल्या. म्हणून आत गेले... आल्या असत्या ना, तर गेटवरनं परत फिरले असते."

म्हटलं, "गोळ्या जेवून घ्यायच्या का उपाशी?" ती हसायला लागली. मग रडायला. मी पण... जाऊ दे.

त्या नंबरचं व्हॉट्सॲप मी तिला देऊन टाकलं, माझं इकडच्या नंबरवर घेतलं. महिनाभर तिने गोळ्या घेतल्या. मळमळायचं, आयसला ॲसिडिटी सांगायची, आणि ग्रुपातल्या पोरी तिला धीर द्यायच्या. नंतरच्या तपासण्या पण झाल्या. सगळं ठीक आहे.

लिंबू काय ते तिनेच सांगितलं. हळदीला, पार्टीला जायच्या आधी किती प्यायचं ते ठरवायचं, त्याच्या पुढचा ग्लास लिंबूपाण्याचा. एखादी चुकली तरी तिथे भाषण कोणी देत नाही, "घरी पोचलीस का" एवढंच विचारतात. आता नव्या पोरींना ती सांभाळते... तीच म्हणाली, "लिही दादूस, एखादी वाचेल तरी."

ताई, तुम्हाला अजून बघितलं नाही. सुट्टीला आलो की त्या गेटवर येऊन पाया पडणार आहे, नाही म्हणू नका.

ग्रुपात मी नाही. पण शनिवारी तिचं एक लिंबू माझ्या फोनवर पण येतं. काल ठाकुर्लीला हळद होती... आलं.