आफ्रिकेचा अर्ज आणि माझं इंग्रजी

आधी हातातले कप खाली ठेवा बघू. मागच्या खेपेला हे सांगताना आमच्या पोस्टमास्तरांना असा ठसका लागला, की त्यांचा अर्धा चहा माझ्या धोतरावर आला!

चुका कोण करत नाही हो? पण एका पापभीरू शिंप्याला सरकारदरबारी अट्टल चोर ठरवायचं, आणि तेही त्याचं भलं करायला जाऊन, हे पोलादपुरात फक्त तुमच्या या मास्तराला जमलं.

तेव्हा मला पोलादपूरच्या मराठी शाळेत लागून चार वर्षं झाली होती. महाडला इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेलो. तिसरी तर मी दोनदा केली. दोनदा केली म्हणजे दुप्पट पक्की झाली असणार, असा माझा आपला हिशेब. आणि गावात दुसरं कुणी इंग्रजीच्या वाटेला गेलेलं नाही! तार आली, बोलवा मास्तरांना. औषधाची बाटली आली, बोलवा मास्तरांना. एकदा महाडच्या मोटारीच्या टायरवरचं इंग्रजीसुद्धा मी चारचौघांत खणखणीत वाचून दाखवलं. अर्थ कुणी विचारला नाही, म्हणून वाचलो.

तर अशा या माझ्यापुढे एक दिवस युसूफ शिंप्याने आपल्या दुकानात एक सरकारी कागद ठेवला.

युसूफचं दुकान बाजारात, शाळेच्या वाटेवरच. मी रोज तिथे घटकाभर टेकायचो. माणूस इतका सरळ, की सदऱ्याचं कापड वीतभर उरलं तरी घडी करून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. त्याच्या मामाचं आफ्रिकेत, मोंबासाला, शिवणकामाचं दुकान होतं. मामा थकला होता. ‘पोरा, आता तू ये आणि दुकान सांभाळ,’ असं त्याचं पत्र आलं होतं. युसूफने इथलं दुकान चुलतभावाला द्यायचं ठरवूनही टाकलं होतं. अडलं होतं ते पासपोर्टाशी.

“मास्तर, अलिबागेवरना, जिल्ह्याच्या कचेरीतना, चौकशी आलीय,” तो म्हणाला. “महाडच्या फौजदारांनी ह्यो कागद भरून मागितलाय. सगळा विंग्रजीत हाय. माजी चालचलणूक कशी हाय ता लिवायचा हाय.”

“एवढंच ना? बस.”

दुकानात चारपाच माणसं जमली होती. मास्तर इंग्रजी लिहिणार म्हटल्यावर ती आणखी जवळ सरकली. मी टाक झाडला. नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, सगळं झरझर लिहिलं. वळणदार अक्षर! आणि मग आला तो प्रश्न.

‘प्रीव्हियस कन्व्हिक्शन्स, इफ एनी, अँड व्हेअर.’

प्रीव्हियस म्हणजे पूर्वीचं, हे येत होतं. इफ एनी म्हणजे असल्यास. व्हेअर म्हणजे कुठे. पण हे मधलं कन्व्हिक्शन काय प्रकरण आहे? मी घसा खाकरला. चष्मा पुसला. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

“कोश लागेल,” मी म्हणालो. “सरकारी काम आहे, शब्दाला शब्द बरोबर हवा.”

शाळेतून कोश आणवला. शब्द सापडला. समोर पहिल्याच ओळीत अर्थ : ‘दृढ श्रद्धा, ठाम विश्वास.’ खाली आणखी एक ओळ होती. पण लोकांसमोर किती वेळ पुस्तकात तोंड घालून बसायचं? मास्तराला शोभतं का ते? मिटला कोश!

“युसूफ,” मी म्हणालो, “सरकार विचारतंय, तुझ्या पूर्वीपासूनच्या दृढ श्रद्धा कोणत्या आणि त्या कुठे झाल्या.”

मंडळी थक्क! “बगा,” एक जण म्हणाला, “सायब लोक मानसाचा काय काय बगतात!”

युसूफ बिचारा विचारात पडला. “खोटा बोलायचा नाय. कुणाचा कापड ठेवायचा नाय. ह्या सगळा वडलांनी शिकिवलंनी, लानपनापासना.”

“कुठे शिकवलंनी?”

“घरी. आनि मंग दुकानात.”

कागदावर जागा बोटभरच होती. मी थोडक्यात पण ठसठशीत लिहिलं : ‘येस. मेनी. फ्रॉम चाइल्डहुड. ॲट होम अँड इन शॉप.’

वाचून दाखवलं. युसूफच्या डोळ्यांत पाणी आलं हो! म्हणाला, “मास्तर, माजा असा चांगला कुनी लिवला नव्हता.”

तुम्ही हसताय. मी त्या रात्री काय शांत झोपलो म्हणून सांगू!

आठवड्याभराने महाडहून हवालदार आला. मी नेमका दुकानातच होतो. मोठ्या मिशांचा साताऱ्याकडचा माणूस. त्याने युसूफला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“तूच का रं युसूफ शिंपी? तुज्या कन्व्हिक्शन हाईत म्हनं?”

“हायत की!” युसूफ हसून म्हणाला. “मास्तरांनी लिवलाय ता सगळा खरा हाय.”

“किती हाईत?”

“मोजल्या नाय. माज्या वडलांच्या पन होत्या. आज्याच्या तर लय कडक!”

हवालदाराने डोक्यावरची टोपी सारखी केली. “म्हंजी घराणंच तसलं!”

“घराणंच!” मीही मधे म्हणालो. एवढा चांगला मुद्दा, सोडायचा कशाला?

“तुमीच का मास्तर?” हवालदार माझ्याकडे वळला. “सायबांनी तुमालाबी आनायला सांगितलंय. तुमचा कागद त्यांनी दोनदा वाचला.”

दोनदा! मी घरी धावलो, काळा कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला. माझी बायको विचारतेय, “अहो, पोलीस कशाला आलाय?” मी म्हटलं, “इंग्रजीला दाद द्यायला.”

मोटारीत हवालदाराने युसूफला मधे बसवलं आणि त्याचा दंड घट्ट धरून ठेवला. रस्त्यात खड्डे फार, माणूस पडू नये म्हणून धरलाय, असं मला वाटलं. मी मनात म्हटलं, काय माया आहे बघा पोलिसखात्यात!

महाडच्या कचेरीत युसूफला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत नेलं. फौजदार तरुण, पुण्याकडचे, चांगले शिकलेले. समोर माझा कागद.

“मास्तर, हे अक्षर तुमचं?”

“माझंच, साहेब.” मी जरा लाजलोसुद्धा.

“या माणसाच्या कन्व्हिक्शन तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होत्या?”

“मलाच काय, साहेब, अख्ख्या गावाला ठाऊक आहेत.”

“मग आजवर कुणी पोलिसांना कळवलं का नाही? आमच्या दप्तरात याची एक नोंद नाही!”

“आम्हाला काय कल्पना, साहेब, की पोलिसखात्याला अशा गोष्टींची कदर असते!”

फौजदारांनी टाक खाली ठेवला. “गावात असे आणखी आहेत?”

आता गावाची अब्रू माझ्या हातात होती. कमी कसं सांगणार? “आहेत की! पाटलांच्या आहेत. आमच्या गुरवाच्या तर फार जुन्या.”

“पाटलांच्या?” फौजदार ताठ बसले. “आणि तुमच्या?”

“माझ्याही आहेत, साहेब.”

“तरी तुम्हाला शाळेत ठेवलंय?”

“त्या आहेत म्हणूनच तर ठेवलंय! अहो, शिक्षकाच्याच नसतील तर मुलांना काय देणार? मी मुलांनाही रोज देतो. लहान वयातच झाल्या म्हणजे जन्मभर टिकतात.”

मागे खाट्‌कन आवाज झाला. बघतो तर हवालदाराने दाराला कडी घातली होती.

फौजदार हळूच म्हणाले, “मास्तर, शेवटची कुठे भोगलीत? ठाण्याला की येरवड्याला?”

“भोगली? काय भोगली?”

“शिक्षा!”

“कसली शिक्षा?”

फौजदारांनी माझा कागद पुन्हा एकदा उचलून वाचला. मग फौजदारांनी विचारलं, “कन्व्हिक्शन म्हणजे काय हो, मास्तर?”

“दृढ श्रद्धा, साहेब. ठाम विश्वास.”

ते उठले, कपाटातून कोश काढला, पान उघडून माझ्यापुढे धरलं. “दुसरी ओळ वाचा. मोठ्याने.”

मी वाचली. “गुन्हा शाबीत होऊन शिक्षा होणे.”

मंडळी, पायाखालची फरशी सरकली हो! घरी आणि दुकानात, लहानपणापासून, पुष्कळ! मी माझ्या हाताने, वळणदार अक्षरात! आणि वर पाटील, गुरव, मी आणि शाळेतली साठ मुलं, सगळ्यांना तुरुंगाची हवा खायला घातली होती!

हवालदार भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे नुसते गदागदा हलत होते. फौजदारांनी मात्र हसू दाबलं.

“मास्तर, गंमत राहू दे. मी अलिबागेला कालच कळवलंय, ‘अर्जदारास पूर्वीचे गुन्हे कबूल आहेत.’ आता तिकडून नकार आला की संपलं. याला जन्मात पासपोर्ट मिळायचा नाही.”

मी बाहेर डोकावलो. युसूफ बाकावर बसला होता, मांडीवर टोपी, चेहऱ्यावर समाधान. आपलं कौतुक चाललंय, असंच त्याला अजून वाटत होतं. वैशाख अर्धा सरला होता. पावसाळा लागला की दासगाव बंदरातून मुंबईला जाणाऱ्या लाँच बंद. मग मुंबई गाठायची कशी आणि मोंबासाची आगबोट धरायची कशी? मामा तरी किती थांबणार?

मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. एका दमात. वर बघायची हिंमत नव्हती.

त्याने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाला, “म्हंजे मी चोर?”

“कागदावर.”

“आनि माजे वडील पन?”

“ते तू आणि मी तोंडी सांगितलं. ते लिहिलेलं नाही.”

“मंग ऱ्हाव द्या,” तो म्हणाला. “वडलांचा नाव कागदावर नाय ना? माजा काय ता बगू.” आणि उलट माझ्याच पाठीवर हात ठेवला! त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

मी तडक आत गेलो. “साहेब, काय करायचं ते सांगा. माझी नोकरी गेली तरी चालेल.”

“नोकरी नको,” फौजदार म्हणाले. “जबाब लिहून द्या. मराठीत. म्हणजे मला तुमच्या कागदाचा अर्थ वरती समजावता येईल.”

मी लिहिलं : ‘सदरहू अर्जदार अत्यंत सचोटीचा असून त्यास कधीही शिक्षा झालेली नाही. अर्ज मी भरला. मला इंग्रजी पुरेसे येत नसल्याने चूक झाली.’

फौजदारांनी वाचलं, टाक घेतला आणि ‘पुरेसे’ हा शब्द खोडला.

“साहेब, थोडं तरी...”

“मास्तर, वरच्यांच्या मनात शंका राहता कामा नये.”

केली सही! वर शिक्का बसला. जबाबाच्या तीन नकला झाल्या : एक मामलेदारांकडे, एक अलिबागेला, एक मुंबईला. म्हणजे मला इंग्रजी येत नाही, हे मुंबई सरकारला अधिकृतपणे कळवण्यात आलं. वर पाटलांच्या कानावर गुन्ह्यांची गोष्ट गेली ती वेगळीच. महिनाभर त्यांनी माझा रामराम घेतला नाही.

पुढचे तीन आठवडे माझी काय अवस्था होती म्हणता! शाळा सुटली की मी पोस्टात. टपालाची पिशवी मीच सोडायला बसायचो. युसूफची आई रोज दारात उभी. मला येताना बघितलं की एकच विचारायची, “मास्तर, माजा पोर आज तरी सुटला का रे?” जणू तो खरंच कोठडीत होता!

आणि आला एकदाचा पासपोर्ट! ज्येष्ठ लागला होता, कशेडीच्या घाटावर ढग दिसायला लागले होते, आणि दासगावहून शेवटच्या दोनच लाँच राहिल्या होत्या. युसूफ त्यातली पहिली धरून गेला. त्याला पोचवायला धक्क्यावर मीही होतो. निघताना त्याने माझ्या हातात कापडाचा एक तुकडा ठेवला. माझ्याच कोटाचं उरलेलं कापड! “जाताना कुनाचा ठेवायचा नाय, मास्तर,” म्हणाला. आता अशा माणसाच्या श्रद्धा मी लिहायला गेलो, ते चुकलं का हो माझं?

तो तिकडे चांगला रमला. त्याचं बघून गावातले आणखी तिघेचौघे आफ्रिकेला जायला निघाले. महाडच्या कचेरीत पोलादपूरचा माणूस कागद घेऊन गेला, की तो हवालदार पहिला प्रश्न विचारायचा, “कुनी लिवलाय?” अजून विचारतो. नुसत्या तोंडी सांगण्यावर त्याचा विश्वास नाही. त्यामुळे आता अर्ज महाडात कुणाकडून का लिहून घेतलेला असेना, माणसं माझ्याकडे येतातच. मी टाक झाडतो, कोरा कागद घेतो आणि वळणदार अक्षरात, मराठीत, खाली सहीनिशी लिहून देतो : ‘सोबतचा अर्ज मी लिहिलेला नाही.’

आणि सांगायला अभिमान वाटतो, माझ्या या दाखल्यावर आजवर एकही अर्ज परत आलेला नाही!