साडूंचा कारखाना आणि माझी डिंकाची नळी

मी साडूंचा साखर कारखाना डिंकाने चिकटवून टाकला. गव्हाणीपासून धुराड्यापर्यंत, अख्खा. असे करायचे नसते हे मला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते साडू त्या वेळी नातवंडांना घेऊन भंडारदऱ्याला बोटीत बसले होते. कारखाना प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा होता हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर एवढा डिंक मी आणला कुठून, याचाच तुम्ही विचार करत बसाल.

एकावर एक दाबून बसवायच्या त्या रंगीत ठोकळ्यांवर आमच्या साडूंइतके प्रेम करणारा माणूस जगात दुसरा नसेल. आणि असलाच तर तो आठ वर्षांचा असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. कोपरगावच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली. निवृत्त झाले त्याच वर्षी नातवाला कोणीतरी ठोकळ्यांचा डबा दिला. नातू दोन दिवस खेळला आणि मोबाईलकडे वळला. साडू अजून खेळताहेत. पण ‘खेळताहेत’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. ‘काम चाललंय’ म्हणायचे.

या ठोकळ्यांचा इतिहास ते सख्ख्या भाऊबंदांचा सांगावा तसा सांगतात. “डेन्मार्कचा सुतार हुता गडी. वर्कशॉप जळालं, तरी हटला न्हाई. आधी लाकडाची बदकं करायचा. मग आलं प्लास्टिक. पहिल्या ठोकळ्यांना पकड नव्हती, लगेच सुटायचे. मग आतून नळ्या घातल्या आन् काम फत्ते! तवाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो बघा.” ही साखर कारखान्याचीच गोष्ट समजून शेजारचे एक म्हातारबाबा गहिवरले आणि त्यांनी विचारले, “ऊस कुठं घालतात हो ते?” ठोकळ्यांचे प्रकारही साडूंना उसाच्या जातींसारखे तोंडपाठ. तान्ह्या पोरांसाठी मोठे, गिळता न येणारे. त्याहून मोठ्यांसाठी बारीक. दात्यांची चाके आणि मोटारी लावायच्या असतील तर त्याचा वेगळाच डबा. आता तर मोठ्या माणसांसाठी ठोकळ्यांची फुलेही निघाली आहेत. ती त्यांनी अक्कांना लग्नाच्या वाढदिवसाला दिली. अक्कांनी एक फूल उपटून वेणीत घालून पाहिले, ते टोचले, आणि त्यानंतर दोन दिवस घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

सदऱ्याच्या खिशात त्यांचा एक लाल ठोकळा कायम असतो. नेवाशाला एका लग्नात पंगतीला बसलो असताना त्यांनी तो बाहेर काढला, ताटातल्या दोन लाडवांशेजारी ठेवला आणि आचाऱ्याला हाक मारली. “ह्यो ठोकळा बघा. असे करोडो निघतात, केसाचा फरक न्हाई. आन् तुमचे दोन लाडू एकमेकांना वळखत न्हाईत.” आचारी बिचारा ठोकळ्याला बर्फी समजून चाखायला निघाला होता.

या ठोकळ्यांनी माझीही अब्रू एकदा काढली आहे. साडूंच्या घरी गणपतीच्या आरतीला मी अनवाणी उभा होतो. पाय मागे घेतला तो नेमका एका ठोकळ्यावर पडला. मी जी किंकाळी फोडली आणि जो एका पायावर नाचलो, त्याने गल्लीतल्या एका काकूंची खात्रीच पटली. त्यांनी पुढे होऊन मला हळदकुंकू लावले आणि नातीचे लग्न कधी जमेल ते विचारले. पाय इतका ठणकत होता की मी “दिवाळीनंतर” म्हणून मोकळा झालो. ते खरोखर जमले. काकू अजून मला पाहिले की पदर सावरतात.

तर, कारखाना. जुन्या दाराच्या फळीवर साडूंनी तो उभा केला होता. ऊस टाकायची गव्हाण, बैलगाड्या, उंच धुराडे, हाताने दांडा फिरवला की गरगरणारे रोलर. पिवळ्या तोंडाची इवलीशी माणसे. त्यातला टोपी घातलेला खुर्चीवर बसवलेला, तो चेअरमन. दसऱ्याला अक्का नारळ फोडायच्या, साडू गवताच्या काडीची मोळी टाकायचे आणि हंगाम सुरू व्हायचा. उन्हाळा लागला की खऱ्या कारखान्यासारखाच याचाही पट्टा पडायचा, म्हणजे हंगाम संपायचा. मग ओव्हरहॉलिंग. ठोकळा न् ठोकळा सुटा करून घमेल्यात साबणाच्या पाण्याने धुवायचा, गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळवायचा, आणि पावसाळाभर बसून कारखाना पुन्हा जोडायचा.

भंडारदऱ्याला जाताना त्यांनी तुळशीला पाणी घालायला मला ठेवले. पाणी घातले. मग दांडा फिरवून पाहिला. फिरवताना माझ्या पोटाचा धक्का लागला आणि धुराडे आडवे झाले. घाबरून मी झटपट डिंकाची नळी आणली. धुराडे असे काही पक्के बसले की मला चेव आला. एका चुकीवर थांबणे माझ्या स्वभावात नाही. एवढ्या मेहनतीची वस्तू, दरवर्षी का मोडावी बिचाऱ्यांनी? त्यांना कायमचे सुख देऊन टाकू, असे म्हणत मी दोन दिवसांत सगळा कारखाना अजरामर केला.

साडू परतले आणि दुसऱ्याच सकाळी घमेले घेऊन बसले. धुराडे ओढले. फळी उचलली गेली, धुराडे हलले नाही.

“पक्कं करून टाकलं, साडूभाऊ,” मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी चेअरमनला धरून पाहिले. “खुर्चीला चिकटवला व्हय? त्यो तसाबी उठत नव्हता.” मी हसलो. ते हसले नाहीत. रिकामे घमेले त्यांनी बाजूला सरकवले. “पाव्हणं, तिकडं कारखान्याच्या गेटवर समदे नमस्कार घालतात, पन पट्टा पडला की ओव्हरहॉलिंगला आता मला कोनी बोलवत न्हाई. आता पावसाळ्यात मी काय उघडू?”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नगरला जाऊन ठोकळ्यांचा एक डबा आणला, तर तो नकली निघाला. साडूंनी नखाने एक ठोकळा दाबला, “पकड न्हाई” म्हणाले आणि डबा सभ्यपणे माझ्याकडे सरकवला. शेवटी मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. कोमट पाणी, दाढीचे जुने पाते आणि दोन चष्मे. कधी तासाकाठी चार ठोकळे सुटायचे, कधी एक. बोटे सोलली. साडू प्रत्येक ठोकळा उजेडात धरून बघायचे आणि मला शिकाऊ कामगारासारखे रागवायचे, “जोर लावू नगा, त्याला विचारा कुठनं सुटतो.” एवढे लांबलेले ओव्हरहॉलिंग त्यांनी नोकरीतही पाहिले नव्हते. आषाढात कधीतरी ते काम करता करता गुणगुणताना मी ऐकले, आणि पुढचा ठोकळा कोमट पाण्यात टाकला.

दसऱ्याला कारखाना उभा राहिला. धुराडे थोडे बुटके झाले होते, चेअरमन खुर्चीसकटच बसवावा लागला. साडूंनी गवताची काडी माझ्या हातात दिली. “टाका मोळी. औंदा तुमचा मान.” रोलर फिरले. मी म्हटले, “साडूभाऊ, खरं सांगा, माझ्यामुळं यंदाचा पावसाळा बरा गेला ना?”

साडूंनी दांड्याला आणखी एक फेरा दिला. नारळाचे तुकडे वाटता वाटता अक्काच म्हणाल्या, “गेला तर! पन दाजी, पुढच्या वेळी घरात येताना चपलांबरोबर हातबी भाईर काढून ठेवत जा.”