पडलेल्याला इचारणारे सायेब

मोठ्या पेपरात कुस्तीवर लिहिणारे एक सायेब दरसाल मेढ्याच्या जत्रंला येत्यात. जिंकलेल्याकडं जात न्हाईत. पडलेल्याजवळ मातीत उकिडवं बसून इचारत्यात, वहीत लिहून घेत्यात. म्हंजे दरसाल माझ्याजवळच. औंदा मी पडलो, तरी सायेब जागचं हललं न्हाईत. पाठीची माती न झाडता मीच गेलो.

“आवं, इचारा की!”

“पेपर सोडावा म्हणतोय, गड्या. वरचे म्हणतात, हरलेल्यांचं कोण वाचतं?”

“मला तर वाचायलाच येत न्हाई. तरी दर ऐतवारी पेपर इकत घेतोय न्हवं!”

सायेब खो खो हसलं. वही उघडून म्हणालं, “बोल, कसा पडलास?”

सायेब ऱ्हात्यात का जात्यात, ठावं न्हाई. मी मातुर पुढच्या जत्रंलाबी पडायला तयार हाय.