दिवा नव्हे, दीव

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही मी खुर्चीत ताठ बसतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शहापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. तानसा तलावाच्या काठी चपलांचा जोड आणि रक्ताचे डाग पडलेला सदरा सापडला. दोन्ही वस्तू जवळच्या गावातल्या एका तरुण शेतकऱ्याच्या होत्या. बांधावरून त्याचं आणि थोरल्या भावाचं कडाक्याचं भांडण झालेलं अख्ख्या गावाने पाहिलं होतं. तलावात प्रेत मिळालं नाही, पण गावाने निकाल केव्हाच लावला होता. मी थोरल्याला अटक केली.

"मारलास ना त्याला?" मी विचारलं.

"हा साहेब, मारला," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग प्रेत कुठाय?"

"तो मला नाय म्हाईत."

दोन दिवस गाडी याच्यापुढे सरकेना. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहायची. नवरा खुनाच्या कलमात अडकला तर घराचं काय होणार, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

अशात गावकुसाबाहेरच्या वाडीतली, लाकूडफाटा विकणारी एक बाई ठाण्यात आली. म्हणाली, "धाकटा मेला नाय, साहेब. माझ्यासमोर बोलला, दिवला चाललो. मोठा पानी हाय तिथं, वालूचे डोंगर हायत."

मी डायरीत लिहिलं, 'दिवा'. आमच्या मार्गावरचं दिवा स्टेशन कुणाला माहीत नाही? शेजारी खाडी, खाडीकाठी रेतीचे ढीग. सगळं चपखल बसत होतं. मी हवालदाराला घेऊन गेलो आणि दोन दिवस एकेका ढिगाभोवती धाकट्याचा फोटो दाखवत फिरलो. हाती आली ती फक्त बुटात शिरलेली रेती.

वैतागून परतलो आणि त्या बाईला बोलावून झापलं. तिने शांतपणे विचारलं, "कुठं शोधला?"

"दिव्याला."

"दिव्याला नाय रं बाबा, दिवला! फिरंग्यांचा किल्ला हाय तो! मी एक साल कामाला होती तिथं. मीच त्याला सांगितला, वालूवर झाडं लावाया मानसं लागतात."

दीव! गुजरातच्या टोकाचं, पोर्तुगिजांचं दीव! शाळेत भूगोल मी शिकलो होतो आणि पाहून आली होती ती. लाज वाटली, पण अंगात असा उत्साह संचारला की मी बसल्या जागेवरून उठलोच. कोठडीची मुदत संपायला चारच दिवस होते. साहेबांची परवानगी घेतली आणि त्याच संध्याकाळी मी आणि हवालदार गाडीत बसलो.

रेल्वे, मग दोन एसट्या बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. पूल ओलांडताना समुद्र दिसला आणि आमचा मुरबाडचा हवालदार खिडकीतून अर्धा बाहेर आला. पांढरीशुभ्र चर्चं, पिवळी-निळी घरं, अरुंद गल्ल्या, चक्क फांद्या फुटलेली ताडाची झाडं! किल्ल्यावर समुद्राकडे तोंड करून तोफाच तोफा. "साहेब, आपल्या माहुली गडावाल्यांनी यो किल्ला बघितला तर लाजून जेवायचे नाय," तो म्हणाला. तपासाला आलोय हे मीसुद्धा घटकाभर विसरलो, खोटं कशाला बोलू?

तिथल्या पोलिसांकडे नोंद केली आणि गावाबाहेरचा किनारा गाठला. वाळूच्या टेकड्यांवर टेकड्या, आणि त्यांवर वीस-पंचवीस मजूर ओणवे होऊन सुरूची रोपं लावत होते. सगळ्यांनी डोक्याला फडकी गुंडाळलेली, तोंडं जमिनीकडे. फोटो काय कपाळ जुळवणार?

हवालदार मात्र एकदम थबकला. "साहेब, तो कडंचा बघा! सगळे पुढं चाललेत, तो एकटाच मागं सरकतोय. भाताची आवणी करनारा मानूस हाय तो!"

भाताची रोपं लावणारा मागे मागेच सरकतो. नाहीतर आपलीच लावलेली रोपं तुडवेल. मी त्या वाळूत अक्षरशः धावत सुटलो. एक पाय काढावा तर दुसरा रुते. जवळ जाऊन नाव घेऊन हाक मारली आणि त्याने वर पाहिलं. जिवंत! मला तर त्याला खांद्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

"दादानं थोबाडीत मारली, नाकातनं रगत आला," तो सांगू लागला. "मला राग आला. सदरा नि चपला टाकल्या तलावावर. म्हटला, बसूंदे रडत."

"तो रडत नाय बसला," हवालदार गरजला, "तुझ्या खुनापायी कोठडीत बसलाय!" पोरगा रोपांची जुडी हातात घेऊन वाळूतच बसला. एक थोबाडीत म्हणजेच थोरल्याचं 'मारला', हे तेव्हा मला कळलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी दोघे भाऊ ठाण्यात समोरासमोर आले. थोरल्याने धाकट्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, चाचपलं, आणि बराच वेळ सोडलंच नाही. बायको पायरीवरून उठून आत आली. सुटकेचे कागद तयार होत असताना मी थोरल्याला म्हटलं, "एक थोबाडीत मारली, एवढंच का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारला मारलास का, मी हा बोललो," तो म्हणाला. "मग तुमी रोज तोच इचारत होता. साहेब, आनखी दोन दिस इचारला असता ना, तर प्रेताची जागा पन दाखवली असती."

तो हे रागाने म्हणाला नाही, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. पुढच्या सगळ्या नोकरीत कुणी 'हो' म्हटलं की मी लेखणी खाली ठेवून विचारायचो, "हो म्हणजे नक्की काय झालं, ते सांग." तुझा तपास फार लांबतो, असं वरिष्ठ म्हणायचे. लांबायचा खराच.