उजव्या हाताचा निकाल

"गाठ टीबीची आहे. कॅन्सर नाही. आम्ही आणखी कापत नाही, इथंच थांबतोय." हैदराबादच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन डॉक्टर हिंदीत एवढंच बोलले आणि आत गेले. माझ्या नवऱ्याची कवटी तेव्हा उघडीच होती. सासूबाईंनी हात जोडले. मला मात्र निव्वळ आनंद झाला नाही. तेच सांगायला हे लिहायला बसले आहे.

आम्ही गुडीहत्नूरचे. मी शाळेत शिक्षिका, हे मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, कारकून. त्या उन्हाळ्यात यांची जीभ जड झाली, चालताना झोक जायला लागला. आणि मारायला लागले. लग्नाच्या बारा वर्षांत ज्यानं कधी बोट लावलं नव्हतं, त्या माणसानं वरण अळणी म्हणून ताट फेकलं. माझी भुवई फुटली.

सासूबाई म्हणायच्या, "त्याले काईतरी लागलं हाय, भगताकडं नेऊ." आमचं घर बौद्ध. भगताचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. माझ्या शिकल्यासवरल्या डोक्यानं वेगळाच निकाल लावला: यांनी पाचवं शील मोडलं, दारू धरली. रविवारी विहारात पंचशील झाल्यावर मी यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि दारू सोडल्याचं वदवून घेतलं.

"मी पेलो नाई," हे आधी म्हणत राहिले. तोंड वाकडं, शब्द तुटके. लोक हसले.

घरी आल्याबरोबर उजव्या मुठीनं यांनी माझे दोन दात पाडले. मी रक्त थुंकत होते, तर तीच मूठ थडाथडा उडायला लागली. थांबेचना. मग हे कोसळले.

हैदराबादला नेऊन सीटी स्कॅन केला, म्हणजे डोक्याच्या आतले, थराथरानं काढलेले फोटो. त्यात मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढे, लिंबाएवढी गाठ दिसली. हा राग तिच्यामुळेही असू शकतो, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा गोठवून, पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. अर्ध्या तासात अंदाज येतो. कॅन्सर निघाला तर खोल कापावं लागेल, आणि उजवा हात चालवणारा भाग तिथंच असल्यानं तो हात कायमचा जाईल. टीबी निघाला तर बाकीचं गोळ्यांवर सोडता येईल.

तो अर्धा तास मी बाकावर बसून दातांच्या खिंडीत जीभ फिरवत होते. माणूस जगू दे, हात जाऊ दे, असं मला वाटलं. स्पष्ट वाटलं. तुमच्यापैकी कुणी अशा बाकावर बसलं आणि मनात असलं काही आलं, तर स्वतःला राक्षसीण म्हणू नका.

ऑपरेशननंतर उजवा हात लुळाच पडला होता; नवव्या दिवशी तो हलला. हळूहळू वर आला, माझ्या तोंडाकडे. मी स्टुलासकट मागे सरकले. हात तिथंच थांबला.

"तुये दात कुठं गेले?"

यांना खरंच आठवत नव्हतं. सासूबाई मागून नको नको खुणावत होत्या.

"तुमीच पाडले," मी म्हटलं. "अन् तुमी पेले नव्हते. मीच तुमाले चारचौघांत बेवडं ठरवलं."

हे रडले. मीही रडले.

दीड वर्ष गोळ्या चालल्या. काचेवरचा तो तुकडा ज्यांनी पाहिला, त्या डॉक्टरांचं तोंडही मला ठाऊक नाही, पण त्यांचे उपकार आहेत. हे पुन्हा उजव्या हातानं लिहू लागले. तो हात जवळ आला की न दचकायला मला मात्र गोळ्यांपेक्षा जास्त दिवस लागले.