राबियाखालांच्या पुदिन्यावरचा रोग

काय माती खाल्ली ते सांगतो, पण आधी चहा घ्या. कारण हा मूर्खपणा एका दिवसाचा नाही. बारा दिवस मी तो रोज, मन लावून केलाय.

दुबईच्या देरा भागात मी मसाल्याच्या दुकानात कामाला आहे. नववीत शाळा सोडली, गेल्या नोव्हेंबरात इथे आलो. स्वभाव असा, की कुणी काही विचारलं तर आधी माझी मान हलते, मग प्रश्न कळतो.

शेठच्या पत्नी राबियाखाला दुकानाच्या वरच राहतात. जुलैत भाचीच्या लग्नाला घरचे सगळे रत्नागिरीला निघाले, तेव्हा त्यांनी घराची चावी माझ्या हातात ठेवली.

"तुला झाडांतलं कळतं ना रे?"

मान हलली.

"हा पुदिना आईच्या परसातला. ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. आई गेली, आता हाच आहे. सांभाळ."

दुसऱ्याच दिवशी पानांवर पांढरी भुकटी. एक पान घेऊन रोपं विकणाऱ्या मल्याळी चाचाकडे धावलो.

"फंगस है, भाई. पत्ता धोओ. रोज."

दुपारी एक ते चार आमचं दुकान बंद. बाकीचे झोपायचे, मी खालांच्या बाल्कनीत. नळाला पाईप लावून लांबूनच एकेक पान धुवायचो. चार दिवसांत पांढरं गेलं आणि पानं तपकिरी झाली.

"बीमारी बढ़ गया," चाचा म्हणाला. "हाथ से भी फैलता है. ग्लव्ज पहनो, ज़्यादा धोओ."

झालं. रबरी हातमोजे चढवून अर्धा अर्धा तास धुणं सुरू. आठव्या दिवशी पानं शिजलेल्या पालेभाजीसारखी लोळली. कुंडीतून वाफ निघायची. मला वाटलं, बिचाऱ्याला ताप भरलाय. खोटं कशाला बोलू?

रोज संध्याकाळी खालांचा फोन. "पुदिना बरा आहे ना रे?" मी मान हलवायचो. फोनवर मान कुणाला दिसते? "हॅलो, हॅलो" करून त्या ठेवून द्यायच्या.

दहाव्या दिवशी चाचाने पान उलटंसुलटं पाहिलं. "तीस साल में ऐसा बीमारी नहीं देखा." मला जरा धीरच आला. एवढा मोठा रोग, मी काय करणार?

खाला दुपारी परत आल्या तेव्हा कुंडीत चार काळ्या काड्या उभ्या होत्या. मग मी जन्मात पहिल्यांदा एका दमात सगळं सांगून टाकलं. काडी धुऊन बघायला त्यांनी नळ सोडला आणि चटकन हात मागे घेतला.

"कधी धुवायचास?"

"दुपारी दोनला."

"या नळाने? अरे बाबा, टाकी गच्चीवर, उन्हात. जुलैच्या दुपारी या पाण्यात अंडं उकडेल. तू आंघोळ करत नाहीस?"

"करतो. पहाटे, फजरच्या नमाजाआधी."

खालांनी बोटाने माती उकरली. आत मूळ पांढरंशुभ्र, जिवंत. त्या तिथेच खाली बसल्या आणि ओढणीने डोळे पुसले. हसत होत्या की रडत, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

आता कोंब फुटलेत. खालांकडून येणारा माझा जुम्म्याचा, शुक्रवारचा डबाही सुरू आहे. परवा शेजारीण विचारत होती, "राबिया, पुदिन्याला रोग कसला लागला होता गं?"

खालांनी चहा गाळता गाळता माझ्याकडे बोट केलं.

"हा काय, समोर बसलाय. रोज दुपारी दोनला यायचा, चावी घेऊन."