फोनमधला झाडू

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा भाव विचारायला पूर्वी माणसं यायची, आता फोन येतात. आमच्या अडत दुकानात हे फोन सुकन्या घेते. मी त्याच दुकानात दिवाणजी आहे, म्हणजे लिलाव झाला की शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करतो आणि उरलेल्या वेळात सगळ्यांवर चिडतो. चिडायचं काम मला कुणी दिलेलं नाही, पण ते मी मन लावून करतो. सुकन्यावर मात्र चिडायला मला आजवर कारण मिळालेलं नाही. म्हणूनच गेल्या जानेवारीत तिची जागा जायची वेळ आली तेव्हा माझं डोकं इतकं फिरलं.

सुकन्याला दिसत नाही. मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ तिचं गाव. घरी मेंढरं. वडील धुळाप्पा वर्षातले बरेच महिने कळप घेऊन हद्दीपलीकडे फिरायचे. तान्ही असतानाच तापात तिची नजर गेली. लोकांनी सांगितलं, पोरीला आजीपाशी ठेवा. आई गोजाबाईनं कुणाचं ऐकलं नाही. बिऱ्हाडाच्या घोड्यावर पोरीला बसवून ती कळपामागं चालत राहिली. सुकन्या कानडी शिकली ती अशी, दुसऱ्यांच्या रानात, खतासाठी मेंढरं बसवायला आलेल्या आईबापांच्या कडेला बसून.

पुढं गोजाबाईनंच तिला सोलापुरात अंधांच्या शाळेत आणून सोडलं. जाताना आईची पावलं फाटकापाशी बराच वेळ थांबली होती, असं सुकन्या सांगते. शाळा झाली, वसतिगृह सुटलं, मग शहरात एक खोली दोघी मैत्रिणींबरोबर भाड्यानं घेतली आणि नोकरी शोधत ती आमच्या दुकानाच्या पायरीवर आली. आमचे थोरले मालक निंगप्पा. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, तोही कानडीत. तिनं कानडीत उत्तर दिलं. मुलाखत संपली. दुधनी, अक्कलकोट भागातले आमचे निम्मे शेतकरी कानडी बोलणारे, आणि फोनवर बसलेल्या आधीच्या माणसाला कानडीतलं फक्त ‘बेडा’, म्हणजे ‘नको’, एवढंच कळायचं.

तिचं काम बघायला पहिल्या दिवशी सगळं दुकान गोळा झालं होतं. लिलाव सुरू झाला की आमची माणसं ढिगाढिगाचा भाव फोटोसकट दुकानाच्या फोनवर टाकतात. पडद्यावर असेल ते बोलून दाखवायची सोय हल्ली फोनमध्येच असते. त्या आवाजाला आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो. सुकन्या बाईला इतकं भरभर बोलायला लावते की मला त्यातला एक शब्द कळत नाही, जात्यात ज्वारी पडावी तसं नुसतं घरघरतं. सुकन्या मात्र एका कानानं बाईचं ऐकते आणि दुसऱ्या कानाला शेतकरी असतो. वेळापूरचा माणूस बोलायला लागायच्या आत त्याच्या खोकल्यावरून ती त्याला ओळखते आणि खोकल्यावर औषध घेतलं का ते आधी विचारते. भाव मग.

एक तिची अट आहे. बाईनं सांगितला नाही तो भाव ती सांगत नाही. अंदाजानं नाही, कालचा म्हणून नाही, शेजारी कुणी ओरडला म्हणूनही नाही. माणूस ट्रक भरायचा की थांबायचा हे तिच्या शब्दावर ठरवतो, हे ती कधी विसरली नाही.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि कारभार विरेशकडे आला. विरेश त्यांचा मुलगा, पुण्यात शिकलेला. पोरगा वाईट नाही. त्याला सगळं वेगानं व्हायला हवं असतं, एवढंच. त्यानं दुकानाच्या फोनवर आणखी दहा गोष्टी आणून बसवल्या. खरेदीदारांचे गट, हवामान, बँक, गाड्यांचा माग. फोन जड झाला तेव्हा सुकन्याची अडचण होऊ नये म्हणून त्यानं आपण होऊन त्यात एक झाडू घातला. खरंच झाडू. पडद्यावर झाडूचं चित्र, त्यावर बोट ठेवलं की खर्र असा आवाज येतो आणि हिरव्या अक्षरांत येतं, फोन आता हलका झाला आहे. फोन फारच भरला तर तो झाडू आपला आपणच फिरतो, हेही विरेशनं कौतुकानं सांगितलं होतं.

जानेवारीत कांद्याची आवक अशी आली की यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. फोटोंवर फोटो, फोनवर फोन. आणि ऐन लिलावात सुकन्याची बाई गप्प होऊ लागली.

सुकन्या म्हणायची, फोन गेला. आमच्या हमालांचा मुकादम भारत धावत यायचा, फोन हातात घ्यायचा आणि बघायचा तर पडदा लख्ख उजळलेला, फोटो येतायत, सगळं जागच्या जागी. तो म्हणायचा, चालू हाय की. मग तिला बरं वाटावं म्हणून तो झाडूवर बोट ठेवायचा. हलका झाला म्हणून फोन सांगायचा. बाई गप्पच. सुकन्या चाचपत बटणं दाबून फोन बंद करायची, परत चालू करायची, आणि बाई परत बोलेपर्यंत येईल त्या फोनला सांगायची, मला आत्ता भाव कळत न्हाय, जरा दमानं लावा. शेतकरी दमानं कशाला लावतोय? तो दुसऱ्या अडत्याला लावायचा.

फोन दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं उलटासुलटा करून बघितला आणि फोनला काही झालेलं नाही म्हणाला. त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं. ज्याला दिसतं त्याच्यासाठी तो फोन एक क्षणही बंद पडला नव्हता. कुणीतरी सल्ला दिला की मेमरी भरली असेल, जुनं पुसून टाका. भारतनं कांद्याचे फोटो पुसले. सुकन्यानंही स्वतःच्या हातानं काहीतरी पुसलं. गोजाबाईला लिहिता येत नाही, म्हणून ती गावाहून बोलून निरोप पाठवते, कोकरं किती झाली, कुठल्या शेळीनं पाय मोडून घेतला. असे वर्षाचे निरोप सुकन्यानं जपून ठेवले होते. ते तिनं पुसले. फरक काहीच पडला नाही. मला त्या दिवशी फोन उचलून रस्त्यावर आपटावासा वाटला.

आठवडाभर हे चाललं आणि विरेशनं निर्णय घेतला. सोमवारपासून फोनवर ऋतुराज बसेल. ऋतुराज त्याच्या मित्राचा भाऊ. सुकन्याला तो म्हणाला की तुझ्यासाठी दुसरं काहीतरी बघू. आमच्या यार्डात ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

मी तिला चहा आणून दिला आणि विचारलं, आता काय करणार? मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

“गावाकडं गेले तर मला खाटेवर बसवतील, काका,” ती म्हणाली. “लई प्रेमानं बसवतील. पर बसवतीलच.”

मग ती पुढं म्हणाली की बाई जायच्या आधी दरवेळी एक आवाज येतो. खर्र. आम्हाला कुणाला तो ऐकूच आला नव्हता, कारण आम्ही हिरवी अक्षरं बघत होतो.

दिसत नसलेल्या लोकांचा त्यांचा एक गट आहे, तिथं सगळे बोलून निरोप पाठवतात. त्यात अकलूजचा अमृत नावाचा एक जण आहे, तिकडच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो, त्यालाही दिसत नाही. सुकन्यानं खर्र आवाजाचं त्याला सांगितलं. त्यानं संध्याकाळी फोन करून जे समजावलं ते तिनं मला यार्डाच्या भाषेत सांगितलं, म्हणून माझ्यासारख्याच्या डोक्यात शिरलं.

फोनमध्ये जागा दोन असतात. एक गोदाम, तिथं फोटो नि निरोप नुसते पडून असतात. दुसरी लिलावाची शेड, चालू काम तिथं बसून करायचं. आम्ही सगळे गोदाम रिकामं करत होतो आणि गर्दी होती शेडमध्ये. शेड लहान. ती भरली की फोनला कुणाला तरी उठवावं लागतं, त्याशिवाय नव्याला बसता येत नाही. उठवताना तो बघतो की आत्ता पडद्यावर कोण आहे. पडद्यावरचा बसून राहतो, मागं बसून गुमान काम करणारा आधी उठतो. लागला तर परत बोलावू, असा हिशेब. फोन स्वतः हे जरा बघूनसवरून करतो आणि बोलणाऱ्या बाईला सहसा हात लावत नाही. झाडूला तेवढी अक्कल नसते. तो पडद्यामागचं सरसकट लोटून काढतो. आणि बाई तर कायमच पडद्यामागं. तिला चित्र नाही, रंग नाही, नुसता आवाज. विरेशनं दिलेली मदत आणि भारतनं धावत येऊन केलेली मदत, दोन्ही मिळून रोज सुकन्याची बाई झाडून बाहेर टाकत होत्या.

मी म्हणालो, मग काढून टाक तो झाडू आत्ताच्या आत्ता. ती नाही म्हणाली. फोन मालकांचा, त्यात घातलंय मालकांनी, त्यांना न सांगता काढायचं नाही. शिवाय गुपचूप काढला तर विरेशला एवढंच वाटेल की फोन आपोआप बरा झाला, आणि पुन्हा काही बिघडलं की पुन्हा ऋतुराज. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, उलट भरून आलं.

शनिवारी लिलाव उरकल्यावर ती विरेशच्या टेबलापाशी गेली. मी पट्ट्या बाजूला ठेवून मागं उभा राहिलो. तिनं फोन टेबलावर ठेवला. बाई बोलत होती. तिनं विरेशला झाडू फिरवायला सांगितलं. त्यानं बोट ठेवलं, खर्र झालं, हिरवी अक्षरं आली, आणि बाई शब्द अर्धा टाकून थांबली.

“आता फोन कसा हाय, अण्णा?”

चालू आहे, विरेश म्हणाला.

“तुमच्यापुरता चालू हाय. माज्यापुरता मेला.”

तिनं फोन बंद करून पुन्हा सुरू केला, बाईला परत आणलं. मग बोटांनी काहीतरी केलं आणि पडदा पूर्ण काळा झाला. न दिसणाऱ्यांसाठी ही सोय असते. त्यांना पडद्याचा उजेड काय करायचाय? पडदा काळा, आत फोन चालूच. तेवढ्यात, ठरवून केल्यासारखा, फोन वाजला. ठरवलेलं काही नव्हतं, शनिवारी दुपारी दुधनीच्या बिरप्पाचा फोन येतोच. सुकन्यानं वाजणारा फोन विरेशच्या हातात दिला.

विरेशनं त्या काळ्या काचेवर बोटं मारली. वर, खाली, कोपऱ्यात. घंटा वाजत राहिली. त्यानं फोन उलटा केला, सुलटा केला. शेवटी तो म्हणाला की हा बंद पडलाय. सुकन्यानं फोन परत घेतला, दोन बोटं दोनदा टेकवली आणि बिरप्पाशी कानडीत बोलायला लागली. बाईनं तिच्या कानात दुपारचे भाव ओतले, ते तिनं त्याला सांगितले, सुनेला बरं आहे का ते विचारलं, आणि ठेवला.

विरेश लाल झाला होता. मला वाटायचं मी तुझं काम हलकं करतोय, असं काहीतरी तो पुटपुटला. खोटं बोलत नव्हता तो. सुकन्यालाही ते माहीत होतं. तिनं त्याला समजावलं की झाडू काढला आणि गाड्यांचा माग नि हवामान त्याच्या स्वतःच्या फोनवर नेलं तर या फोनच्या शेडमध्ये बाईला बसायला जागा राहील. नवा फोन लागणार नाही. हे सगळं ती अगदी शांतपणे बोलली. मग तिनं फोन परत टेबलावर, त्याच्यासमोर ठेवला.

“झाडूला माजी बाई दिसत न्हाय, म्हनून त्यो तिला काडतो. त्याला डोळं न्हाईत, अण्णा. तुमाला हायीत.”

भारत गोणीवर बसला होता, तो उठून उभा राहिला. विरेशनं फोन जवळ ओढला, पडदा उजळायचा कसा ते तिलाच विचारलं आणि सगळ्यांसमोर झाडू काढून टाकला. हवामान काढलं, गाड्या काढल्या. बाई मध्ये मध्ये त्याच्या बोटाखालचं वाचून दाखवत होती आणि तो दचकत होता. काम झाल्यावर त्यानं फोन सुकन्याच्या हातात दिला, स्वतःचा खिशातून काढला आणि ऋतुराजला लावला.

“सोमवारी येऊ नको रे,” तो म्हणाला. “न्हाय, पुढच्या महिन्यातबी न्हाय. हितं माणूस बसलेलं हाय.”